दुसऱ्याने भरलेले काडतूस

इ. स. १७५० मध्ये बेंजामिन रॉबिन्स नावाचा एक इंग्रज गणिती ईस्ट इंडिया कंपनीचा प्रमुख अभियंता म्हणून हिंदुस्थानात आला. मद्रासच्या सेंट जॉर्ज किल्ल्याची तटबंदी नव्याने आखणे हे त्याच्यावर सोपविलेले काम होते. फ्रेंचांनी घेतलेले मद्रास नुकतेच, म्हणजे १७४९ साली, इंग्रजांना परत मिळाले होते. रॉबिन्सला ते काम पुरे करता आले नाही. कडलूरजवळच्या सेंट डेव्हिड किल्ल्यात १७५१ च्या जुलै महिन्यात तापाने त्याचा अंत झाला. तटबंदीचा अभियंता म्हणून आज त्याचे नाव फारसे कोणी घेत नाही. परंतु बंदुकीच्या शास्त्राचा आरंभ जेथून धरतात ते पुस्तक त्याचे आहे. १७४२ साली प्रसिद्ध झालेल्या ह्या ग्रंथात त्याने गोळीचा वेग मोजण्याची एक साधी युक्ती दिली. एक जड लाकडी ठोकळा लंबकाप्रमाणे टांगावयाचा, त्यावर गोळी झाडावयाची आणि ठोकळा किती मागे झुकतो ते पाहून गणिताने वेग काढावयाचा. ऑयलरसारख्या थोर गणितज्ञाने ह्या पुस्तकाचे जर्मन भाषांतर करून त्यावर विस्तृत भाष्य लिहिले, ह्यावरून त्याचे महत्त्व कळून येईल.

रॉबिन्सने वेग मोजला हे खरे. पण आपल्या विषयाच्या दृष्टीने त्याची दुसरी गोष्ट अधिक मोलाची आहे. दारू, गोळी आणि नळी ह्या तीन निरनिराळ्या वस्तू नसून ते एकच यंत्र आहे, ही दृष्टी त्याने दिली. दारू किती, गोळी किती जड, नळी किती लांब आणि तिचा व्यास किती, ह्यांपैकी एक जरी बाब बदलली तरी उत्तर बदलते. दारूच्या वायूचा दाब वातावरणाच्या दाबाच्या सुमारे हजार पट असावा, असा त्याचा हिशेब होता. पुढच्या संशोधकांना तो कमी आढळला. आजच्या रायफलीत हा दाब ह्याच्या चौपट असतो. उदाहरणार्थ, लष्करी ७.६२ मिलिमीटर काडतुसाच्या जोडीने शिकारी बंदुकांत रूढ झालेल्या .३०८ ह्या काडतुसाला युरोपातील प्रमाणसंस्थेने ठरवून दिलेली कमाल मर्यादा ४१५ मेगापास्कल, म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या सुमारे चार हजार शंभर पट आहे. घरातील प्रेशर कुकरची शिटी होते तेव्हा आत वातावरणाच्या दाबाच्या केवळ दुप्पट दाब असतो. नेमबाजाच्या गालापासून वीतभर अंतरावर एक सेकंदाच्या हजाराव्या भागाएवढा काळ काय कोंडलेले असते, ह्याची ह्यावरून कल्पना यावी.

ही प्रस्तावना ज्या प्रश्नासाठी केली तो प्रश्न वरकरणी अगदी किरकोळ आहे. एखाद्या नेमबाजाने आपल्या हाताने भरलेली काडतुसे आपल्या स्नेह्याला दिली, तर त्या स्नेह्याने ती आपल्या रायफलीत वापरावीत काय? अमेरिकेत व युरोपातील काही देशांत स्वतः काडतुसे भरण्याचा छंद लक्षावधी लोकांना आहे, आणि तेथील अनुभवी मंडळींचा ह्या प्रश्नावर एकमुखी नकार आहे. सामान्य माणसाला हा नकार थोडा अपमानकारक वाटतो. भरणारा माणूस सज्जन आहे, काळजीपूर्वक काम करणारा आहे, वीस वर्षे स्वतः तीच काडतुसे झाडीत आला आहे. मग त्याच्यावर अविश्वास का दाखवावा? परंतु हा प्रश्न विश्वासाचा नाहीच. भरणारा जितका अधिक कुशल, तितके त्याचे काडतूस दुसऱ्याच्या बंदुकीला कमी उपयोगाचे, असा हा विचित्र मामला आहे. तो कसा, हे समजण्यासाठी काडतुसाची रचना थोडी पाहिली पाहिजे.

रायफलीच्या काडतुसाचे चार भाग असतात. पितळेची पुंगळी हा त्याचा देह. पुंगळीच्या बुडाशी मध्यभागी बसविलेली लहानशी टोपी ठिणगी देते. पोटात धूरविरहित दारू असते आणि मानेत गोळी घट्ट बसविलेली असते. चाप ओढला की एक टोकदार खिळी टोपीवर आदळते, टोपीतील स्फोटक द्रव्य पेटते आणि दारू जळू लागते. झाडून झाल्यावर गोळी गेली, दारू जळाली, टोपी निकामी झाली. पण काडतुसातील सर्वांत महाग भाग, म्हणजे पितळेची पुंगळी, जशीच्या तशी हाती राहते. ती पुन्हा साच्यातून काढून पूर्ववत आकाराला आणणे, नवी टोपी बसविणे, मोजून दारू घालणे आणि वर नवी गोळी दाबणे, ह्यालाच हाताने काडतूस भरणे म्हणतात. ह्यात पैसा वाचतो हे एक कारण. आणि आपल्या बंदुकीला नेमके मानवेल असे काडतूस तयार करता येते, हे दुसरे. खरा नेमबाज ह्या दुसऱ्या कारणासाठीच हा खटाटोप करतो.

मद्रासला हा उद्योग नवा नव्हता. एकोणिसाव्या शतकात माउंट रोडवर ओक्स आणि कंपनी तसेच पी. ऑर आणि सन्स ही दुकाने साहेब लोकांना बंदुका पुरवीत असत; त्यांची नावे कोरलेल्या जुन्या बंदुका संग्राहकांकडे आजही दृष्टीस पडतात. दूरच्या मळ्यांवर राहणारे मळेवाले छऱ्याच्या बंदुकीची काडतुसे घरीच भरीत आणि त्यासाठी लागणारी पितळी हत्यारे शेफील्डहून येत. ती दारू काळी होती, दाब बेताचा होता आणि चुकीला थोडी क्षमा होती. धूरविरहित दारूने ही क्षमा काढून घेतली.

फ्रान्समध्ये १८८४ साली पॉल व्हिएय ह्या रसायनज्ञाने धूरविरहित दारू सिद्ध केली. तिच्या पाठोपाठ इंग्लंडात १८८९ मध्ये एबल आणि ड्यूअर ह्यांनी कॉर्डाइट बनविले. नीलगिरीच्या अरुवनकाडू येथे विसाव्या शतकाच्या आरंभी त्याचा सरकारी कारखानाही निघाला. व्हिएयने ह्या दारूविषयी जो नियम शोधून काढला त्यात आपल्या प्रश्नाचे मर्म साठविलेले आहे. ही दारू ज्या वेगाने जळते तो वेग भोवतीच्या दाबावर अवलंबून असतो. उघड्यावर पेटविली तर ती सरसर पिवळ्या ज्वाळेने जळून जाते, स्फोट होत नाही. बंद जागेत मात्र वायू साठून दाब वाढतो. दाब वाढला की जळण्याचा वेग वाढतो. वेग वाढला की वायू अधिक झपाट्याने निर्माण होतो आणि दाब आणखी वाढतो. सावकाराच्या चक्रवाढ व्याजासारखा हा प्रकार आहे. ह्या व्याजाला आवरणारी एकच गोष्ट असते, ती म्हणजे पुढे सरकणारी गोळी. गोळी जसजशी नळीत पुढे जाते तसतशी वायूला जागा मिळते. दारूचे जळणे आणि गोळीचे सरकणे ह्यांची ही शर्यत आहे आणि काडतूस भरणाऱ्याची सारी कला ह्या शर्यतीचा तोल राखण्यात आहे.

आता हा तोल कशाने बिघडतो ते पाहू. दारू थोडी जास्त पडली तर बिघडतो हे उघड आहे. परंतु दारू बरोबर असूनही तो बिघडू शकतो. गोळी मानेत अधिक घट्ट बसली, किंवा इतकी पुढे बसविली गेली की कोठ्यात सरकविताच ती नळीच्या आट्यांना टेकली, तर तिला निघावयास क्षणभर उशीर होतो. आणि आरंभीचा तो उशीर दाबाला फार वर नेतो. पुंगळीच्या पोटातील जागा थोडी कमी असली, कारण दुसऱ्या कारखान्याच्या पुंगळीचे पितळ जाड आहे, तरी तेच. टोपी अधिक तेज असली तरी तेच. नळी थोडी अरुंद असली तरी तेच. ह्यांपैकी शेवटची बाब काडतुसात नसून बंदुकीत आहे, हे वाचकाने विशेष ध्यानात घ्यावे.

सावध भरणारा काय करतो? तो कमी दारूपासून आरंभ करतो, चार-दोन बार काढतो, पुंगळ्या तपासतो, मग तीळभर दारू वाढवितो, आणि अशा रीतीने त्याच्या स्वतःच्या रायफलीला जे मानवते तेथे येऊन थांबतो. त्या रायफलीचा कोठा किती लांब, आटे कोठून सुरू होतात, नळी सैल की घट्ट, हे सर्व त्याच्या काडतुसात उतरलेले असते. एका माणसाच्या मापाने शिवलेला अंगरखा दुसऱ्याला तंग व्हावा, तसे हे आहे. मात्र अंगरखा तंग झाला तर शिवण उसवते, इथे बंदुकीची खिटी उसवते. म्हणूनच वर म्हटले की भरणाऱ्याचे कौशल्य हे दुसऱ्याला दिलेले अभय नव्हे. उत्तम भरणारा आपल्या बंदुकीच्या मर्यादेच्या अगदी जवळ, परंतु आत, राहू शकतो. दुसऱ्या बंदुकीची मर्यादा थोडी अलीकडे असेल तर तेच काडतूस तिच्या मर्यादेपलीकडचे ठरते.

पुंगळीची गोष्ट आणखी निराळी आहे. पुंगळीचे पितळ म्हणजे सत्तर भाग तांबे आणि तीस भाग जस्त. बार होताना ती फुगून कोठ्याच्या भिंतीला चिकटते आणि वायूला मागे येऊ देत नाही. दाब ओसरताच थोडी आकसून सुटी होते. रायफलीच्या मागील बाजूला, नेमबाजाच्या तोंडाकडे, वायू रोखून धरणारी दुसरी कोणतीही वस्तू नसते. सारा भरवसा ह्या अर्ध्या-पाऊण मिलिमीटर जाडीच्या पितळी भिंतीवर आणि तिच्या जाड बुडावर असतो. प्रत्येक बाराबरोबर हे पितळ ताणले जाते, आणि ताणलेले पितळ कठीण व ठिसूळ होत जाते. भांडी ठोकणाऱ्या तांबटाला हे पुरते ठाऊक असते. म्हणूनच तो मधूनमधून भांडे तापवून पुन्हा मऊ करून घेतो.

भारतात आणि विशेषतः पोलीस दलांत पिढ्यान्‌पिढ्या वापरात असलेल्या .३०३ म्हणजे थ्री-नॉट-थ्री रायफलीचे उदाहरण ह्या बाबतीत बोधक आहे. तिच्या काडतुसाच्या बुडाला बाहेर आलेली कड असते आणि काडतूस कोठ्यात ह्या कडेवर टेकून राहते. रणभूमीवरच्या चिखलातही काडतूस अडू नये म्हणून ह्या रायफलीचा कोठा मुद्दाम ऐसपैस ठेवला होता. त्यामुळे बार होताच पुंगळी पुढच्या बाजूस पुष्कळ ताणली जाते. लष्कराला त्याचे काही वाटत नव्हते, कारण पुंगळी एकदाच वापरावयाची होती. पण तीच पुंगळी कोणी पुनःपुन्हा साच्यात घालून मूळ मापाला आणली आणि पुनःपुन्हा झाडली, तर बुडाच्या थोडे वर तिच्या आतल्या अंगाला एक वर्तुळाकार बारीक खाच पडू लागते. बाहेरून फार तर एक फिकट रेघ दिसते. पुष्कळदा तीही दिसत नाही. एके दिवशी त्या जागी पुंगळी दुभंगते, बूड मागे राहते, वरचा भाग कोठ्यात अडकतो आणि तापलेला वायू मिळेल त्या फटीने मागे येतो. ह्या काडतुसाची कमाल मर्यादा ३६५ मेगापास्कल आहे. पुंगळीच्या बुडावर त्या दाबाने पडणारा जोर जवळजवळ तीन टन भरतो. हाताने भरणाऱ्या जाणत्या माणसाला आपली कोणती पुंगळी किती वेळा झडली आहे हे ठाऊक असते, निदान असावयास पाहिजे. तो पुष्कळदा पुंगळीची फक्त मानच साच्यात घेतो आणि बाकीचे अंग आपल्या कोठ्याच्या मापाचे तसेच राहू देतो, म्हणजे ताण कमी पडतो. त्याच्या दृष्टीने हे शहाणपण आहे. दुसऱ्याच्या रायफलीत मात्र अशी पुंगळी एक तर शिरत नाही, किंवा बळे शिरविली तर अर्धवट बसते.

पितळावर ताणाखेरीज हवेचाही परिणाम होतो, आणि त्याचा शोध हिंदुस्थानच्याच अनुभवातून लागला. इंग्रजी अमदानीत येथील लष्कराची काडतुसे पावसाळ्यात आपोआप तडकत असल्याचे आढळून येई. कोणी त्यांना हात लावलेला नसे. तरी मानेशी बारीक चिरा पडलेल्या असत. पावसाळ्यातच हे घडते म्हणून इंग्रजांनी त्या विकाराला ऋतूचा तडा अशा अर्थाचे नावही दिले. १९२१ मध्ये मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन ह्यांनी त्याचा उलगडा केला. काडतुसे घोड्यांच्या पागेजवळ साठविलेली असत. घोड्यांच्या मूत्रातून अमोनिया वायू निघे. आणि घडविताना पितळात राहून गेलेला ताण व दमट हवेतील अमोनिया ह्या दोहोंच्या संयोगाने पितळ चिरत जाई. नुसता ताण किंवा नुसता अमोनिया असता तर असे झाले नसते. चेन्नईसारख्या बंदरात, जेथे ऑक्टोबरपासून डिसेंबरपर्यंत ईशान्य मोसमी पाऊस पडतो आणि एरवीही हवा खारट व दमट असते, तेथे वर्षानुवर्षे कपाटात पडलेल्या पुंगळीविषयी हा धडा विसरून चालत नाही. आज पागा नाहीत, परंतु फरशी पुसण्याच्या काही द्रवांत अमोनिया असतोच.

हवेचा विषय निघालाच आहे तर उष्णतेविषयीही सांगावयास हवे. गरम दारू थंड दारूपेक्षा झपाट्याने जळते. युरोपात काडतुसांचा दाब मोजताना ती सुमारे २१ अंश सेल्सिअसवर ठेवून मग झाडतात. चेन्नईत २००३ च्या मे महिन्याच्या अखेरीस तापमान ४५ अंशांवर गेले होते. उन्हात उभ्या असलेल्या मोटारीच्या सामानाच्या कप्प्यात ह्यापेक्षाही अधिक उष्णता असते. कॉर्डाइटच्या जमान्यातील इंग्रज कारखानदारांना ही गोष्ट चांगली ठाऊक होती. हत्ती-गव्यांच्या शिकारीसाठी हिंदुस्थान व आफ्रिकेत पाठविण्याच्या काडतुसांत ते मुद्दाम दारू कमी घालीत आणि पेटीवर तसे छापीत. थंड हवेच्या ठिकाणी एखाद्याने हिवाळ्यात भरून, झाडून, खात्री करून घेतलेले काडतूस मे महिन्यात पूर्व किनाऱ्यावर झाडले, तर ते पूर्वीचे काडतूस राहत नाही. ह्यात भरणाऱ्याने लबाडी केली असे नाही, आणि वापरणाऱ्याने हलगर्जीपणा केला असेही नाही. शिवाय दीर्घकाळच्या उष्णतेने नायट्रोसेल्युलोजचे हळूहळू विघटन होते. त्यातून निघणारी नायट्रोजनची ऑक्साइडे पुढील विघटनाला मदतच करतात. ती शोषून घेण्यासाठी दारूत काही द्रव्ये मिसळलेली असतात, पण त्यांचाही साठा केव्हातरी संपतो.

येथवर जे सांगितले ते निर्दोष हाताने भरलेल्या काडतुसाविषयी. मनुष्याच्या हातून होणाऱ्या चुका ह्यापुढच्या. दारूच्या जाती शेकड्यांनी आहेत आणि त्यांपैकी पुष्कळशा डोळ्यांना सारख्याच दिसतात. पिस्तुलाची झपाट्याने जळणारी दारू रायफलीच्या पुंगळीत गेली तर ती थोडीशीच जागा व्यापते. उरलेल्या जागेत तीच आणखी एकदा पडली तरी वरून कळत नाही. ह्याच्या उलट, दारू घालावयाची राहूनच गेली तर टोपीच्या जोरावर गोळी नळीत थोडी पुढे जाऊन अडकते. आवाज बारीक होतो, नेमबाज काडतूस फुसके निघाले असे समजून दुसरे भरतो, आणि पहिल्या गोळीने बंद केलेल्या नळीत दुसरा बार काढतो. नळी फुटण्याचा हा सर्वांत ठराविक मार्ग होय. टोपी नीट खोल बसली नाही तर खिटी लावतानाच बार होण्याचा संभव असतो. वजनांचा घोटाळाही आहेच: दारू मोजण्याचे जुने इंग्रजी माप ग्रेन हे आहे, आणि एका ग्रॅममध्ये सुमारे साडेपंधरा ग्रेन मावतात. रायफलीच्या एका काडतुसातील एकूण दारूच तीन ग्रॅमच्या आसपास असते. त्यामुळे भरणाऱ्यांचे तराजू एका ग्रेनच्या दहाव्या भागापर्यंत, म्हणजे साडेसहा मिलिग्रॅमपर्यंत, तोलतात. पंख्याचा वारा लागला तरी असा तराजू हलतो.

भारतीय नेमबाजाला ह्यात आणखी एका नावाच्या गोंधळाची भर पडते. इंग्रजी राज्यात नागरिकांना लष्करी .३०३ काडतूस बाळगण्यास मनाई होती, म्हणून त्यांच्यासाठी .३१५ किंवा ८ मिलिमीटर नावाची रायफल प्रचारात आली आणि सरकारी शस्त्रकारखान्यांनी ती स्वातंत्र्यानंतरही चालू ठेवली. परंतु ८ मिलिमीटर हे नाव जर्मन माउझरच्या काडतुसालाही आहे आणि त्या माउझरच्याही दोन निरनिराळ्या जाडीच्या गोळ्या आहेत. डब्यावर नुसते ‘आठ मिलिमीटर’ असे शाईने लिहिलेले असेल तर आतील गोळी कोणत्या जाडीची, हे काडतुसाकडे पाहून सांगता येणार नाही.

मग पाहून काय सांगता येते? फारच थोडे. भरलेले काडतूस ही बंद वस्तू आहे. त्यात कोणती दारू आहे, किती आहे, पुंगळीला आतून खाच आहे की नाही, हे बाहेरून समजत नाही. आणि बुडावर कोरलेली कारखान्याची अक्षरे फक्त पुंगळी कोठे जन्मली एवढेच सांगतात, आत आज काय आहे ते नव्हे. ही शेवटची गोष्ट फार फसवी आहे. खडकीच्या कारखान्याची मुद्रा असलेल्या पुंगळीत खडकीची दारू असेलच असे नाही. भरणाऱ्याने चिठ्ठी लिहून ठेवली असली तरी ती त्याच्या स्मरणाइतकीच खरी. काही लोक झाडलेल्या पुंगळीची टोपी चपटी झाली आहे काय, खिटी उघडताना अडते काय, ह्यावरून दाबाचा अंदाज करतात. हे अंदाज ढोबळ असतात, आणि मुख्य म्हणजे ते बार झाल्यानंतरचे असतात.

कारखान्याचे काडतूस ह्याहून निराळे ठरते, ते कारखान्यातील कामगार अधिक प्रामाणिक असतात म्हणून नव्हे. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासून आणि जळगाव जिल्ह्यातील वरणगावचा कारखाना १९६४ पासून लहान शस्त्रांची काडतुसे बनवीत आले आहेत. अशा ठिकाणी काडतुसांचा प्रत्येक साठा क्रमांकाने ओळखला जातो, त्यातील नमुने दाबमापक बसविलेल्या खास नळीतून झाडून पाहतात, आणि पुढे दोष निघाला तर तेवढाच क्रमांक परत मागविता येतो. दुसऱ्या बाजूने बंदुकीचीही परीक्षा होते. लंडनच्या बंदूककारांच्या मंडळाला १६३७ साली सनद मिळाली तेव्हापासून, नळी विकण्यापूर्वी तीत मुद्दाम जादा दाबाचा बार काढून पाहण्याची पद्धत आहे. १९१४ मध्ये लिएज येथे स्थापन झालेल्या युरोपीय मंडळाच्या नियमाप्रमाणे रायफलीची ही परीक्षा कमाल मर्यादेच्या सव्वापट दाबाने होते. म्हणजे काडतूस एका मर्यादेच्या आत राहील अशी एकाने हमी दिली आणि बंदूक त्या मर्यादेच्या वर टिकेल अशी दुसऱ्याने दिली. दोघे एकमेकांना ओळखत नसले तरी चालते. अनोळखी माणसाचे काडतूस अनोळखी माणसाच्या बंदुकीत निर्धास्त जाऊ शकते ते ह्या सामाईक आकड्यामुळे. हाताने भरलेल्या काडतुसाला हा आकडा नसतो. तो भरणाऱ्याच्या व त्याच्या रायफलीच्या आपसातील करार असतो, आणि तिसऱ्याला त्यात जागा नाही.

चेन्नईच्या नेमबाजी क्लबांत सराव करणाऱ्या बहुसंख्य खेळाडूंना हा प्रश्न पडत नाही, कारण त्यांचे .२२ चे काडतूस पुन्हा भरता येण्यासारखेच नसते. त्यात निराळी टोपी नसून पेटणारे द्रव्य पुंगळीच्या कडेत आतून पसरलेले असते आणि खिळीच्या घावाने ती कड चेपली जाते. मोठ्या रायफलींचा प्रश्न मात्र उरतो, आणि तेथे कायद्याचे बोलणे स्पष्ट आहे. १९५९ च्या शस्त्र अधिनियमात दारूगोळ्याच्या व्याख्येतच त्याचे सुटे भाग आणि तो बनविण्याची यंत्रे घातली आहेत. आणि पाचव्या कलमाने परवान्यावाचून दारूगोळा बनविणे, विकणे, दुसऱ्याकडे सोपविणे किंवा त्याची चाचणी घेणे, ह्यांना बंदी आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना निर्मितीची शिक्षा सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत आहे. परदेशी मासिके वाचून घरी साचे मागविण्याचा बेत करणाऱ्याने आधी हे कलम वाचावे.

परंतु शहरातील खरा धोका बहुधा छंदी नेमबाजापेक्षा जुन्या कपाटातून येतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने शिकार संपुष्टात आली. शिकारी आजोबा वारले, रायफल परवान्यासह मुलाच्या नावावर झाली किंवा पोलिसांकडे जमा झाली, आणि काडतुसांचा एक डबा मागे राहिला. त्यात काही कारखान्याची, काही कोणा मित्राने भरून दिलेली, काही हिरवट डाग पडलेली, अशी सरमिसळ असते. ती ‘अजून चालतात का’ हे पाहण्याची इच्छा नातवाला होणे स्वाभाविक आहे. वर सांगितलेल्या जवळजवळ सर्व शंका अशा डब्यात एकत्र आलेल्या असतात, आणि उत्तर देणारा माणूस हयात नसतो.

अशा काडतुसांचे काय करावे हेही सांगणे प्राप्त आहे. ती बंदुकीत घालू नयेत, त्यांतील गोळी पकडीने उपटू नये, जाळू नयेत आणि विहिरीत वा समुद्रात टाकू नयेत. सुटे काडतूस विस्तवात पडले तर गोळी बंदुकीतल्यासारखी सुटत नाही, कारण तिला नळीचा आधार नसतो; हलकी पुंगळी फाटून तिचे तुकडे उडतात. जवळच्या माणसाचा डोळा जाण्यास तेवढे पुरे आहे. ज्याचा परवाना उरलेला नाही त्याने आपल्याजवळची शस्त्रे व काडतुसे विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावीत, असे अधिनियमाचे एकविसावे कलम सांगते. चेन्नईत शस्त्रपरवान्याचे अधिकार पोलीस आयुक्तांकडे आहेत. डबा आहे त्या स्थितीत कोरड्या व थंड जागी, मुलांच्या हाती लागणार नाही असा कुलपात ठेवून, प्रथम ठाण्यात वर्दी द्यावी आणि तो कसा आणावयाचा हे तेथील अधिकाऱ्यांना विचारून घ्यावे. भरणाऱ्याच्या हस्ताक्षरातील चिठ्ठी डब्यात सापडली तर ती काढून ठेवू नये. काडतुसे नष्ट करणाराला तिचा थोडाफार उपयोग होतो.